परमुलखात धर्माचा विषय काढताना

मे २०१४ मधली गोष्ट. उत्तर कोरियाच्या ईशान्य किनाऱ्यावर चोंगजिन नावाचे बंदर आहे. तिथे परदेशी खलाशांसाठी एक क्लब आहे आणि पर्यटकांच्या गटांनाही तिथे नेले जात असे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून आलेल्या एका पर्यटकाने या क्लबच्या स्वच्छतागृहात, कचऱ्याच्या डब्याखाली, बायबलची एक प्रत सरकवून ठेवली. देशात लपूनछपून ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या कोणाच्या तरी हाती ती पडावी, अशी त्याची इच्छा. प्रत सापडली, अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली आणि पर्यटक मायदेशी निघण्याच्या बेतात असताना पकडला गेला. ऑक्टोबरमध्ये त्याची सुटका झाली. त्याला न्यायला अमेरिकी सरकारचे विमान आले होते.

बातम्या झाल्या त्या या माणसाच्या. पुस्तक ज्याच्या हाताला लागले त्याच्यापुढे काय वाढून ठेवले होते, याची चर्चा फारशी झाली नाही. उत्तर कोरियात ख्रिस्ती धर्म पाळताना सापडलेल्यांना कठोर शिक्षा होतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने त्याच वर्षी फेब्रुवारीत अहवालात नमूद केले होते. चीनमधून परत पाठवलेल्या ज्या नागरिकांचा तिथल्या चर्चशी संबंध आल्याचे उघड होते, त्यांची रवानगी राजकीय कैद्यांच्या छावणीत होऊ शकते, असेही त्यात होते. अशा देशात एखाद्या सफाई कामगाराने सापडलेले बायबल जागच्या जागी राहू दिले तर तो संशयित. घरी नेले तर घरादाराला धोका. वरिष्ठांकडे नेऊन दिले तरी ‘तुलाच कसे सापडले’ हा प्रश्न आहेच. यातली एकही गोष्ट त्याने मागितलेली नव्हती.

धर्मप्रचार चांगला की वाईट, हा वाद जुना आहे आणि तो एका लेखात मिटणारा नाही. दडपशाही असलेल्या देशात पाहुणा म्हणून जाणाऱ्यापुढचा प्रश्न त्याहून नेमका आहे. आपण जे करू, त्याची किंमत कोण मोजणार, आणि ती मोजायला तो राजी आहे का? प्रवाशाच्या खिशात परतीचे तिकीट असते, पाठीशी वकिलात असते. गाइड, ड्रायव्हर, हॉटेलचा पोऱ्या, घरी जेवायला बोलावणारे कुटुंब यांच्यापाशी यातले काहीच नसते. पुढे जे सांगायचे आहे ते बायबल वाटणाऱ्याला लागू आहे, तसेच गीता वाटणाऱ्याला, तबलीगच्या जमातीला आणि योगवर्गातून अध्यात्म पोहोचवू पाहणाऱ्यालाही.

कायदा आधी वाचावा

‘दडपशाहीचे देश’ म्हटले की उत्तर कोरिया, इराण, अफगाणिस्तान डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात मराठी पर्यटक हौसेने जातात त्यांतल्या अनेक ठिकाणी धर्मप्रचारावर कडक बंधने आहेत. उझबेकिस्तानात धर्मप्रचाराला बंदी आहे. २०२१ च्या नव्या कायद्यातही ती कायम राहिली. धार्मिक साहित्य आत आणायचे तर सरकारी तपासणीतून जावे लागते. कझाकस्तानात २०११ च्या कायद्यानुसार प्रचारकाला नोंदणी करावी लागते. अझरबैजानमध्ये परदेशी व्यक्तीने धार्मिक प्रचार करणे बेकायदा आहे. ताश्कंद, अल्माटी, बाकू ही सगळी आता चार-पाच दिवसांच्या सहलींची ठिकाणे झाली आहेत.

शेजारच्या नेपाळला जाताना तर परदेशात चाललोय असे कोणाला वाटतही नाही. पण २०१५ च्या नेपाळी राज्यघटनेच्या कलम २६ ने दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत हकालपट्टी. मालदीवमध्ये नागरिकत्वच मुस्लिम असण्याशी जोडलेले आहे आणि पूजेच्या मूर्ती देशात आणायला कस्टम्सची बंदी आहे. बॅगेत बाळकृष्ण घेऊन निघणाऱ्या आजींना हे विमानात बसण्याआधी कळलेले बरे. २०११ मध्ये मालदीवमधल्या एका बेटावर शिकवणाऱ्या केरळच्या शिक्षकाला अटक होऊन देश सोडावा लागला, तो शाळेच्या संगणकावर मेरीचे चित्र सापडल्यामुळे. पेन ड्राइव्हवरून फाइली उतरवताना ते चित्र सोबत गेले होते.

रशियात जुलै २०१६ पासून ‘यारोवाया कायदा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुरुस्त्या लागू आहेत. नोंदणीकृत संस्थेची परवानगी आणि ठरलेली जागा सोडून कोणी धर्माबद्दल प्रचार केला, तर परदेशी माणसाला ३० ते ५० हजार रूबल दंड होऊ शकतो आणि देशाबाहेरही काढता येते. याच कायद्याखाली सेंट पीटर्सबर्गमध्ये योगावर व्याख्यान देणाऱ्या एका रशियन शिक्षकाला पोलिसांनी व्यासपीठावरून नेले होते. खटला टिकला नाही, पण ‘योग म्हणजे काही धर्म नव्हे’ हे वाक्य सगळीकडे ढाल होईल असे नाही, एवढे त्यातून दिसले. सौदी अरेबियाने २०१७ मध्ये योगाला व्यायामप्रकार म्हणून मान्यता दिली. उलट मालेमध्ये २१ जून २०२२ रोजी मालदीव सरकारच्या सहभागाने चाललेल्या योगदिनाच्या कार्यक्रमावर जमाव चालून आला. परदेशी योगवर्ग घेणाऱ्याने त्यामुळे आसने, प्राणायाम आणि मंत्र यांपैकी काय चालते, हे यजमान संस्थेकडून लेखी ठरवून घ्यावे.

कायदा वाचायचा तो त्यापुढे मान तुकवावी म्हणून नव्हे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे १८ वे कलम धर्म बदलण्याचे स्वातंत्र्यही मान्य करते. त्या मतदानात सौदी अरेबिया तटस्थ राहिला होता. श्रद्धा बदलली म्हणून माणसाला तुरुंगात टाकणारा कायदा अन्यायाचा आहे, असे ठाम मत प्रवाशाचे असू शकते. पण तो मोडल्यावर वरवंटा कोणावर फिरेल, हे कायद्यातच लिहिलेले असते. २००१ मध्ये तालिबानच्या फर्मानानुसार धर्मप्रचार करणाऱ्या परदेशी माणसाला कैद आणि हकालपट्टी होती, तर धर्म बदलणाऱ्या अफगाण माणसाला मृत्युदंड.

पूजा आणि प्रचार

बहुतेक देश या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. संयुक्त अरब अमिरातीत जेबेल अलीचे हिंदू मंदिर २०२२ मध्ये खुले झाले, अबूधाबीतल्या बीएपीएस मंदिराचे उद्घाटन १४ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. दुबईतल्या मराठी घरांत गणपती बसतात, आरत्या होतात. त्याच देशात मुस्लिमांमध्ये दुसऱ्या धर्माचा प्रचार करणे मात्र गुन्हा आहे. स्वतःची पोथी, जपमाळ, घरातली प्रार्थना ही एक बाजू. शेजाऱ्याच्या दाराखालून पत्रक सरकवणे ही दुसरी. पहिल्या बाजूला राहणाऱ्याला बहुतेक ठिकाणी भीती नाही. तरी नेमक्या कुठे ती रेघ ओढली आहे, हे त्या देशात राहणाऱ्या आपल्या माणसांना विचारावे. त्यांना ते अनुभवाने माहीत असते.

परक्या धर्माची टवाळी हा तर वेगळाच गुन्हा. २०२० मध्ये अमिरातीत अनेक भारतीयांच्या नोकऱ्या समाजमाध्यमांवरच्या इस्लामविरोधी मजकुरापायी गेल्या. व्हॉट्सॲपच्या गावाकडच्या ग्रुपवर आलेला असला मजकूर तिथे बसून पुढे ढकलला, तर जबाबदारी ढकलणाऱ्याची.

संमती कोणाची घेतली?

इस्कॉनचे संस्थापक प्रभुपाद जून १९७१ मध्ये काही दिवसांसाठी मॉस्कोला गेले होते. जाहीर प्रवचनाचा प्रश्नच नव्हता. प्राच्यविद्येचे प्राध्यापक कोतोव्स्की यांच्याशी त्यांची चर्चा झाली. पण त्याच मुक्कामात एक रशियन तरुण त्यांना भेटला, त्यांचा शिष्य झाला आणि ‘अनंत शांती दास’ या नावाने देशभर हिंडून कृष्णभक्ती सांगू लागला. प्रभुपाद परतले. शिष्याला पुढे अटक झाली, मनोरुग्णालयांत डांबण्यात आले. १९८० च्या दशकात सोव्हिएत तुरुंगांत अनेक कृष्णभक्त होते. आर्मेनियातला एक तरुण भक्त १९८७ च्या डिसेंबरमध्ये श्रमछावणीत मरण पावला. मॉस्कोत इस्कॉनची अधिकृत नोंदणी झाली ती १९८८ मध्ये.

या हकिकतीवरून ‘पाहुण्याने तोंडच उघडू नये’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो त्या तरुणावर अन्याय ठरेल. तो आपल्या पायाने भेटायला आला होता. आपल्या देशात काय होऊ शकते, हे तो भारतातून आलेल्या संन्याशापेक्षा चांगले जाणत होता. पुढची वाट त्याने निवडली. बंदिस्त देशातल्या लोकांनाही ऐकण्याचा, विचारण्याचा, पटेल ते स्वीकारण्याचा हक्क आहे. त्यांना कायम जपून ठेवण्याची वस्तू समजणे हाही एक प्रकारचा तोराच. चोंगजिनच्या स्वच्छतागृहातले पुस्तक आणि मॉस्कोतली भेट यांत फरक आहे तो हा, की एकीकडे धोका न विचारता कोणाच्या तरी माथी मारला गेला, दुसरीकडे समोरच्याने तो स्वतःहून उचलला.

प्रवाशाला यातून एक व्यवहारी नियम मिळतो. सुरुवात समोरच्याने करू द्यावी. पुस्तक, पेन ड्राइव्ह, पत्रके मागे सोडून जाऊ नये. ती कोणाच्या हाती पडतील, यावर आपला काहीच ताबा नसतो.

आणि मागितले तर? तिथेही लगेच हात पुढे करायचा नसतो. तिबेटमध्ये एके काळी पर्यटक दलाई लामांचे फोटो खिशात घेऊन जात आणि लोक ते आवर्जून मागत. १९९० च्या दशकाच्या मध्यास चीनने त्या छायाचित्रांवर बंदी घातली. कैलास-मानसरोवरला किंवा ल्हासाला जाणाऱ्याने असा फोटो, तसे पुस्तक वा फोनवरचे तसे चित्र नेऊच नये. कोणी मागितलेच तर ‘नाही’ म्हणावे. देणारा आठवड्यात नाशिकला परततो, घेणाऱ्याच्या घराची झडती कधीही होऊ शकते. मागणाऱ्याने जोखीम ओळखूनच मागितले असेल, तरी ती जोखीम त्याच्या घरातल्या म्हाताऱ्यांना आणि मुलांनाही भोगावी लागते.

उपकार, अधिकार आणि आमिष

ग्रीसमध्ये १९३८ पासून धर्मप्रचाराविरुद्ध कायदा होता. त्याखाली साठहून अधिक वेळा अटक झालेल्या मिनोस कोकिनाकिस या वृद्ध प्रचारकाच्या बाजूने युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९३ मध्ये निकाल दिला. आपली श्रद्धा सांगणे हा हक्क आहे, दबाव वा आमिषाने माणूस ओढणे हा नाही, असा भेद न्यायालयाने केला. पाच वर्षांनी त्याच न्यायालयापुढे ग्रीक हवाई दलातल्या तीन अधिकाऱ्यांचे प्रकरण आले. त्यांनी हाताखालच्या जवानांना धर्म सांगितला होता आणि नागरिकांनाही. नागरिकांना सांगितल्याबद्दलची शिक्षा न्यायालयाने चूक ठरवली, जवानांना सांगितल्याबद्दलची योग्य. साहेबाचे बोलणे मधेच तोडून जवान निघून जाऊ शकत नाही, हे त्यामागचे कारण.

परदेशी प्रवासी त्या साहेबाच्या जागी किती सहज जाऊन बसतो, हे त्याच्या लक्षात येत नाही. गाइडची बिदागी त्याच्या हातात असते. दुभाष्याची नोकरी त्याच्या एका तक्रारीवर अवलंबून असते. आखातातल्या कंपनीत मराठी फोरमनच्या हाताखाली दहा देशांचे मजूर असतात. वैद्यकीय शिबिरात रांगेत उभा असलेला रुग्ण औषध हातात पडेपर्यंत सगळे ऐकून घेतो. अशा माणसाने मान डोलावली म्हणजे त्याला पटले असे नव्हे. त्याच्याशी धर्माचा विषय काढूच नये, तो त्याने काढला तरी दोन वाक्यांत उत्तर देऊन थांबावे.

मदत आणि प्रचार यांची सरमिसळ झाली की मदतच बंद पडते. काबूलमध्ये ऑगस्ट २००१ मध्ये एका मदतसंस्थेचे ८ परदेशी कार्यकर्ते धर्मप्रचाराच्या आरोपावरून पकडले गेले. त्यांच्यासोबत संस्थेचे १६ अफगाण कर्मचारीही तुरुंगात गेले. परदेशी कार्यकर्त्यांतल्या दोघी अमेरिकन तरुणींनी एका अफगाण कुटुंबाला येशूच्या जीवनावरचा चित्रपट दाखवल्याचे सुटकेनंतर मान्य केले. मोरोक्कोने मार्च २०१० मध्ये ऐन लूह गावातल्या अनाथाश्रमाच्या परदेशी पालकांवर धर्मप्रचाराचा ठपका ठेवून त्यांना बाहेर काढले. आरोप त्यांना मान्य नव्हता. पण त्यांना आईबाप मानणारी ३३ मुले एका दिवसात त्यांना मुकली.

ख्रिस्ती जगतातल्या मोठ्या संघटनांनी, म्हणजे व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि इव्हँजेलिकल महासंघ यांनी, २०११ मध्ये एकत्र येऊन प्रचाराची आचारसंहिता तयार केली. गरिबीचा फायदा घेऊ नये, पैशाचे वा वस्तूंचे प्रलोभन दाखवू नये, फसवणूक करू नये, असे त्यात स्पष्ट आहे. कोणत्याही पंथाच्या मंडळाने परदेश दौऱ्याआधी ही कलमे मोठ्याने वाचून काढायला हरकत नाही.

पर्यटक व्हिसाचा आडोसा

फसवणूक व्हिसाच्या अर्जापासून सुरू होऊ शकते. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण धर्मप्रचाराच्या हेतूने पर्यटक व्हिसावर अंदमानात आला आणि मच्छीमारांना पैसे देऊन प्रवेशबंदी असलेल्या उत्तर सेंटिनल बेटाजवळ पोहोचला. बाहेरच्या आजारांशी झुंजण्याची ताकद बेटावरच्या जमातीत नसण्याचा धोका होता, तो त्याच्या धर्मप्रचारापेक्षाही मोठा. तो बेटावर मारला गेला, आणि त्याला मदत केल्याबद्दल अंदमानातल्या ७ जणांना अटक झाली.

नियम दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे वाचावे लागतात, हे महाराष्ट्राने २०२० मध्ये पाहिले. तबलीगी जमातीसाठी आलेल्या २९ परदेशी नागरिकांवर अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे दाखल झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी ते रद्द केले. पर्यटक व्हिसावर आलेल्याला धर्मस्थळी जायला, प्रवचन ऐकायला मनाई नाही, असे सांगताना या लोकांना बळीचा बकरा बनवले गेले, असेही न्यायालयाने म्हटले. भारतात आलेल्या परदेशी भाविकाला जी वागणूक न्याय्य वाटते, तीच मोजपट्टी स्वतः बाहेर जाताना लावावी. प्रचारासाठीच जायचे असेल आणि तसा व्हिसा मिळत असेल तर तो घ्यावा. मिळत नसेल, तर खोटे बोलून आत शिरण्याने तिथल्या आपल्याच धर्मबांधवांवरचा संशय वाढतो.

सरकारी सूचनांकडे केलेले दुर्लक्षही महागात पडते. जुलै २००७ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका चर्चचे २३ जण अफगाणिस्तानात बसमधून जाताना तालिबानच्या हाती सापडले. निघताना विमानतळावर, अफगाणिस्तानला जाऊ नका असे सांगणाऱ्या सूचनेशेजारी उभे राहून त्यांच्यापैकी काहींनी फोटो काढला होता. दोघांना ठार मारण्यात आले. उरलेल्यांच्या सुटकेसाठी त्यांच्या सरकारला वर्षअखेर सैन्य मागे घेण्याची आणि तिथले कोरियन मिशनरी काम थांबवण्याची हमी द्यावी लागली.

बॅग, फोन आणि गप्पा

निघण्यापूर्वी बॅग एकदा परक्या कस्टम्स अधिकाऱ्याच्या नजरेने पाहावी. स्वतःच्या नित्यपाठाची एक प्रत समजण्यासारखी असते. एकाच पुस्तकाच्या वीस प्रती म्हणजे वाटपाचा पुरावा. स्थानिक भाषेतली धार्मिक पुस्तके सर्वांत आधी डोळ्यांत भरतात. फोनमधले ग्रुप, पीडीएफ आणि फॉरवर्ड तपासावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या देशातल्या ओळखीच्या माणसांची नावे, नंबर आणि त्यांच्याशी झालेला धर्मविषयक पत्रव्यवहार फोनवर नसावा.

गप्पांत धर्म येतोच. ‘तुम्ही कोणत्या देवाला मानता?’ असे टॅक्सीवाला विचारतो, ‘तुमच्यात माणूस मेल्यावर काय होते?’ असे गाइड विचारते. प्रामाणिक आणि थोडक्यात उत्तर द्यावे. ‘तुम्हाला काय वाटते?’ असा उलट प्रश्न टाकू नये, कारण त्याचे खरे उत्तर देणे त्यांना परवडत नसेल. उत्तर कोरियात पर्यटकांसोबत सहसा दोन गाइड असतात, त्यांतल्या एकाने बोललेले दुसरा ऐकत असतो. गाडी, हॉटेलची खोली, उपाहारगृह या जागा खासगी धरू नयेत. लहान मुलांशी, त्यांचे आईबाप समोर नसताना, हा विषय काढू नये.

कधी कोणी हळूच आपली लपवलेली श्रद्धा सांगतो. ती गटातल्या इतरांना सांगू नये, डायरीत नावानिशी लिहू नये, ‘तुमच्यातला एक जण भेटला होता’ असे पुढच्या गावी बोलू नये. आपल्या गटात कोणी चोरून पत्रके वाटताना दिसला, तर त्याला बाजूला घेऊन थांबवावे. गटप्रमुखाने सहलीच्या आधीच याबाबतचा नियम सर्वांना सांगून ठेवलेला असावा, कारण पकडल्यावर चौकशी सगळ्या गटाची आणि गाइडची होते.

परतल्यावर अनुभव सांगण्याची ऊर्मी दांडगी असते. सत्संगात, चर्चमध्ये, दिवाळी अंकातल्या प्रवासलेखात ‘तिथल्या एका शिक्षिकेने डोळ्यांत पाणी आणून सांगितले’ असे लिहिले जाते, सोबत गावाचे नाव आणि फोटोही. तिथले अधिकारी हे वाचू शकतात, आणि भाषांतर आता फोनवर क्षणात होते. चेहरे, गाव, शाळा, महिना यांपैकी काहीही ओळख पटवणारे असेल तर वगळावे. देणगी मिळवण्यासाठी अशा कथा रंगवणाऱ्या संस्थांना पैसे देताना ‘या माणसाची परवानगी घेतली होती का’ हे विचारावे.

ताब्यात घेतले गेलेच, तर आपल्या दूतावासाशी संपर्क करू देण्याची मागणी लगेच करावी. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ ने हा हक्क दिला आहे. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नये, दुभाषी मागावा. स्वतःबद्दल खोटे सांगू नये, पण भेटलेल्या स्थानिकांची नावे आपणहून पुढे करू नयेत. घरच्यांकडे पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या प्रती तसेच दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक असावा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर त्यांना तक्रार नोंदवता येते. दूतावासाच्या अधिकाऱ्याची भेट झाली की सोबत पकडल्या गेलेल्या गाइडची, ड्रायव्हरची, यजमान कुटुंबाची चौकशीही त्याच भेटीत करावी. त्यांच्या कुटुंबाच्या खर्चाची आणि वकिलाची सोय कोणाच्या हातून, त्यांना आणखी अडचणीत न टाकता करता येईल, हे तिथली परिस्थिती जाणणाऱ्या हक्क संघटनांना विचारून ठरवावे.